आधी सळई, मग फरशी : जुना फ्लॅट घेताना

जुना फ्लॅट बघायला गेलेल्या माणसाची नजर आधी फरशीवर जाते, मग ओट्यावर, मग बाथरूमच्या टाइल्सवर. परतीच्या वाटेवर हिशेब सुरू होतो तोही त्याच क्रमानं. मोझॅक काढून व्हिट्रिफाइड टाकू, कडाप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइटचा करू, रंग काढू, की झालं घर नवं. हा हिशेब चुकीचा नसतो, अपुरा असतो. फरशी, ओटा, रंग या गोष्टी आपल्या सवडीनं आणि आपल्या पैशानं कधीही बदलता येतात. घराची खरी किंमत ज्यावर ठरते त्या गोष्टी वेगळ्याच आहेत : स्लॅबमधली सळई, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, डक्टमधले बिडाचे पाइप, सोसायटीच्या दुरुस्ती निधीतली शिल्लक. फ्लॅटच्या दिवाणखान्यात बसून यांतलं काहीच दिसत नाही, आणि यांतलं बहुतेक काही एकट्याला दुरुस्तही करता येत नाही.

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या शहरांत पुनर्विक्रीला येणारे जुने फ्लॅट बरेचसे 1970 ते 1995 या काळातल्या तीन-चार मजली आरसीसी इमारतींतले असतात. हा लेख त्यांच्याविषयी आहे. पागडीच्या चाळी, वाडे किंवा कोकणातली जांभ्याची घरं यांचं बांधकाम वेगळं आणि कायदेही वेगळे, म्हणून ती इथे बाजूला ठेवली आहेत.

अशा फ्लॅटमधल्या दुरुस्त्यांचे तीन भाग पाडावेत. काही आपण एकट्यानं करायच्या, काही सोसायटीनं सगळ्यांच्या वर्गणीतून करायच्या, आणि काही करून उपयोग नाही अशा. कोणता दोष कोणत्या भागात मोडतो हे कळलं की भाव किती द्यायचा हे आपोआप कळू लागतं.

वय हा पुरावा नव्हे

‘इमारत चाळीस वर्षांची आहे, म्हणजे गेली’ असं एक जण म्हणतो, तर ‘जुनं बांधकाम, दणकट असतं’ असं दुसरा. दोन्ही बोलणी बिनबुडाची आहेत. महाडची तारीक गार्डन ही पाच मजली इमारत 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळली आणि 16 जणांचा जीव गेला. ती इमारत जेमतेम दशकभर जुनी होती. घाटकोपरची सिद्धी साई इमारत 25 जुलै 2017 रोजी पडली, 17 माणसं दगावली. तळमजल्यावर चाललेल्या अंतर्गत बदलांत इमारतीच्या आधाराला हात लावल्याचा आरोप तेव्हा झाला. एका ठिकाणी बांधकामाच्या दर्जाचा प्रश्न होता, दुसऱ्या ठिकाणी नंतरच्या ‘सुधारणे’चा. इमारत किती वर्षांची यापेक्षा ती कशी बांधली, तिच्यात पाणी किती मुरलं आणि राहणाऱ्यांनी तिला काय काय केलं, हे विचारायचं.

तरीही बांधकामाचं साल विचारायलाच हवं, कारण त्या काळचे नियम त्यातून कळतात. आरसीसीसाठीच्या आयएस 456 या भारतीय मानकाच्या 1978 सालच्या आवृत्तीत एम-15 प्रतीचं काँक्रीट चालत होतं, आणि स्लॅबच्या सळईवर 15 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण पुरेसं मानलं जात होतं. 2000 सालच्या आवृत्तीनं आरसीसीसाठी किमान प्रत एम-20 केली आणि किनाऱ्यालगतच्या हवेत जास्त आवरण मागितलं. त्या जुन्या इमारतींत सळईही बहुधा ‘टोर’ म्हणून ओळखली जाणारी, थंड असताना पिळून घट्ट केलेली असे. आजच्या टीएमटी सळईपेक्षा ती लवकर गंजते. किनारी भागात काही बांधकामांना खाडीची रेती वापरली गेली, तिच्यातला क्षार काँक्रीटमध्येच राहिला. म्हणजे 1985 च्या इमारतीत दोष असेलच असं नाही, पण चूक झाली असेल तर ती पोटात घेण्याची तिची ताकद कमी.

सळई गंजते कशी

ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा सामू साडेबाराच्या वर. अशा वातावरणात पोलादावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये शिरत राहतो आणि तो अल्कपणा हळूहळू संपवतो. याला कार्बोनेशन म्हणतात. सामू नऊच्या आसपास उतरला की संरक्षक थर जातो. आता ओल आणि हवा मिळाली की गंज सुरू.

ही आगेकूच साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. समजा, पहिल्या दहा वर्षांत ती 10 मिलिमीटर आत गेली; तर 20 मिलिमीटर गाठायला चाळीस वर्षं लागतील आणि 15 मिलिमीटर बावीस-तेवीस वर्षांतच गाठले जातील. स्लॅबची सळई नेमकी त्याच खोलीवर असते. पंचविशी उलटल्यावर इमारतीच्या छताचे पोपडे का पडू लागतात, याचं उत्तर बरंचसं या गणितात आहे. समुद्राकाठी याच्या जोडीला क्लोराइड येतं. ते सामू उतरायची वाटच बघत नाही. अल्कधर्मी काँक्रीटमध्येसुद्धा संरक्षक थर फोडून सळईला खड्डे पाडतं.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जास्त जागा लागते. ही वाढ काँक्रीटला आतून फाडते. आधी तपकिरी डाग दिसतो, मग सळईच्या रेषेत सरळ भेग पडते, मग ठोकल्यावर पोकळ आवाज येतो आणि शेवटी तुकडा पडून सळई उघडी होते. पहिल्या दोन पायऱ्यांवर दुरुस्ती स्वस्त असते. चौथ्या पायरीपर्यंत सळईची जाडीच घटलेली असते आणि नुसतं प्लास्टर मारणं म्हणजे दोष झाकणं होतं.

योग्य दुरुस्तीत आधी टेकू देतात. सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडून काढतात, गंज घासून सळईवर संरक्षक लेप देतात, गरज असेल तिथे नवी सळई जोडतात, मग पॉलिमर मिसळलेला मसाला भरतात. कॉलमची ताकदच कमी झाली असेल तर त्याभोवती नवं काँक्रीट आणि सळई घालून जाकीट चढवतात. यातही एक मेख आहे. एकाच ठिकाणी ठिगळ लावलं की ठिगळाखालची सळई सुरक्षित होते, पण विद्युत-रासायनिक कारणानं ठिगळाच्या कडेची जुनी सळई आणखी वेगानं गंजू लागते. क्षार मुरलेल्या इमारतीत हे विशेष घडतं. ‘दोन वर्षांपूर्वीच सगळं दुरुस्त केलंय’ असं ऐकल्यावर ‘दुरुस्त कसं केलं, काय फोडलं आणि काय भरलं?’ हे विचारावं.

फ्लॅटमध्ये शिरण्याआधी

पाहणीची सुरुवात गेटपासून करावी. इमारतीला एक फेरी मारून छज्जे, बाल्कन्यांची पोटं आणि बाहेरच्या भिंती बघाव्यात. छज्जा आणि बाल्कनी एका बाजूनंच आधारलेली असते. त्यांची मुख्य सळई वरच्या बाजूला असते आणि पावसाचं पाणीही वरच साचतं. त्यामुळे इमारतीचं दुखणं तिथे लवकर दिसतं. जिन्याच्या पोटाखाली, लिफ्टच्या मशीनखोलीत आणि पाण्याच्या टाकीखाली रंगरंगोटी क्वचित होते, म्हणून तिथे खरं दिसतं.

मग डक्ट. स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूमचे पाइप जिथून उतरतात तो अरुंद बोळ बहुतेक जण बघतच नाहीत. बिडाच्या उभ्या पाइपांचे सांधे गळत असतील तर भिंतीवर काळे-हिरवे पट्टे असतात, शेवाळ असतं, कधी पिंपळाचं रोप उगवलेलं असतं. पिंपळ वरून कापला तर पुन्हा फुटतो. त्याची मुळं भेगेत राहतात आणि ती भेग रुंदावत जातात.

गच्चीवर जाणं टाळू नये. कोब्याला उतार आहे का, पाणी साचल्याचे डाग आहेत का, कठड्याच्या मुळाशी भेग आहे का, पावसाळी पाइपांची तोंडं मोकळी आहेत का, हे बघावं. आणि एक प्रश्न हमखास विचारावा : जुना कोबा काढून नवा केला की त्याच्यावरच नवा चढवला? कोब्याच्या दर चौरस मीटरमागे एका इंचाचं वजन साधारण 50 किलो. चार इंचांचा नवा थर म्हणजे 200 किलो. राहत्या खोलीच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून जेवढा भार मानक धरतं, तेवढाच हा आकडा आहे. गळती थांबवण्यासाठी थरावर थर चढवणाऱ्या सोसायट्या आपल्या गच्चीवर एक न दिसणारा मजला बांधत असतात.

खाली मोकळं पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले अशी रचना असेल तर पार्किंगमधले कॉलम नीट बघावेत. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशा मोकळ्या तळमजल्याच्या अनेक इमारती त्या मजल्यावरच खचल्या. भूकंपात आरसीसी लवचीक राहावं यासाठीचं आयएस 13920 हे मानक 1993 चं. त्याआधीच्या इमारतींत कॉलमच्या कड्या विरळ असण्याची शक्यता मोठी. अशा कॉलमवर उभी भेग किंवा गंजाचा डाग दिसला तर तो दोष स्ट्रक्चरल इंजिनीअरनं बघेपर्यंत पुढे सरकू नये.

भेगांची प्रतवारी

प्लास्टरवरचं बारीक जाळं दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. मसाला सुकताना ते पडतं. बीम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली आडवी सरळ भेगही नेहमीची. दोन वेगळे पदार्थ उन्हात-थंडीत वेगवेगळे फुगतात-आकसतात, म्हणून ती पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरकी भेग जरा जास्त लक्ष मागते. वीटकामातून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी चढत जाणारी, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग पाया खचल्याची शंका घ्यायला लावते. बीमच्या पोटाला किंवा कॉलमच्या कोपऱ्याला लांबीच्या दिशेनं धावणारी भेग म्हणजे आतली सळई गंजल्याची खूण.

भेग जुनी आणि स्थिर आहे की अजून वाढते आहे हे ओळखायला बांधकामातली जुनी युक्ती आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहितात. भेग हलली की काच तडकते. सोसायटीत कुठे अशी पट्टी दिसली तर कुणाला तरी आधीच शंका आली होती, एवढं नक्की.

पाण्याचा माग

फ्लॅटच्या आत शिरल्यावर सगळं लक्ष पाण्यावर ठेवावं. शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टमध्ये बघावं. मार्च-एप्रिलमध्ये नुकताच रंग काढलेला फ्लॅट सुंदर दिसतो, पण ओल त्या रंगाखाली लपून बसलेली असते. एकाच भिंतीला किंवा छताच्या एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल, दिवाणखाना सोडून नेमकं बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये फॉल्स सीलिंग असेल, खोलीच्या एकाच भिंतीवर लाकडी पॅनेल असेल, तर त्यामागे काय आहे ते विचारायला संकोच करू नये. भिंतीच्या तळाशी पांढरा लोणा फुटलेला असेल तर पाणी तिथून ये-जा करतं आहे. रंग तिथे टिकणार नाही.

सर्वांत उपयोगी पाहणी आपल्या फ्लॅटमध्ये होतच नाही, ती खालच्या फ्लॅटमध्ये होते. आपलं बाथरूम गळतं की नाही हे खालच्यांचं छत सांगतं. शेजारी म्हणून ओळख करून घ्यायला आलो आहोत, असं सांगून दार वाजवावं. पाच मिनिटांत छतही दिसतं आणि जुने तंटेही कळतात. मग वरच्या फ्लॅटवाल्यांनाही भेटावं, कारण आपल्या डोक्यावर त्यांचं बाथरूम आहे.

जुन्या बांधणीत संडास-बाथरूमचा स्लॅब खाली उतरवलेला असे आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला. नहाणी ट्रॅपचा सांधा किंवा टाइल्समधल्या फटी गळू लागल्या की पाणी या भरावात साठतं. आठवडाभर बाथरूम न वापरताही खालचं छत ओलं राहतं, ते यामुळे. वरून टाइल्सच्या फटी भरून हे बरं होत नाही. टाइल्स, भराव, ट्रॅप सगळं काढावं लागतं, वॉटरप्रूफिंग करून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून बघावं लागतं, मगच फरशी. हा खर्च तुमचा. बाथरूम दोन असतील तर दुप्पट.

पाइपांचंही तसंच. त्या काळी पिण्याच्या पाण्याला जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप घालत. मुलामा झिजला की ते आतून गंजतात आणि नळाची धार बारीक होत जाते. सकाळी उघडलेल्या नळातून आधी तांबूस पाणी येणं ही त्याची खूण. एकाच वेळी स्वयंपाकघर आणि बाथरूमचे नळ सोडून धार बघावी, संडासात बादलीभर पाणी एकदम ओतून ते सरळ जातं की तुंबून उतरतं हे बघावं. भिंतीतले पाइप बदलायचे तर टाइल्स फुटणारच. म्हणून पाइप आणि वॉटरप्रूफिंग हे काम एकदमच धरावं; वेगवेगळं केलं तर तोडफोडीचे पैसे दोनदा जातात.

लाकडी चौकटींना स्क्रूड्रायव्हर टोचून बघावा. लाकूड भुसभुशीत लागलं किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी आहे. तळमजल्यावर आणि अंगभूत कपाटांच्या मागे हे आवर्जून बघावं.

विजेचा भार

1980 च्या आसपासच्या घरात दोन पंखे, चार ट्यूबलाइट, एक फ्रिज आणि टीव्ही एवढंच धरून वायरिंग केलेलं असे. आज दीड टनी एसी, दोन किलोवॅटचा गीझर आणि दोन किलोवॅटची इंडक्शन शेगडी एकदम चालली की भार साडेपाच-सहा किलोवॅटपर्यंत जातो, म्हणजे 230 व्होल्टवर सुमारे पंचवीस अँपिअर. जुन्या ॲल्युमिनियमच्या तारा असतील तर त्यांचे जोड काळानुसार सैल होतात, त्यांवर ऑक्साइड साठतं आणि नेमका जोड तापतो. शॉर्टसर्किटच्या आगींचं हे एक कारण.

वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो वाचावा. मेन बोर्ड उघडून बघावा. चिनीमातीचे फ्यूज असतील, आरसीसीबी नसेल, तर संपूर्ण वायरिंग बदलायचं हे गृहीत धरावं. माणसाला शॉक लागू नये म्हणून घरात 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी लागतो. पण अर्थिंगच नसेल तर नुसती थ्री-पिन सॉकेटं बसवून काही साधत नाही, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं. दिव्यांना दीड, प्लगांना अडीच आणि एसी-गीझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, असं नवं काम सांगावं. भार वाढवून घेताना तळमजल्यावरच्या मीटरपासून घरापर्यंत येणारी मुख्य तारही बदलावी लागते.

आधीच्या मालकाच्या सुधारणा

‘फ्लॅट फुली रिनोव्हेटेड आहे’ हे वाक्य ऐकून खूश होण्याआधी मूळ मंजूर नकाशा मागवावा आणि घराशी ताडून बघावा. बाल्कनी खोलीत घेतली आहे का? बाथरूमची जागा सरकवली आहे का? तशी असेल तर ओलीचा भाग आता कुणाच्या तरी बेडरूमच्या डोक्यावर आला. मोझॅक न काढता त्यावरच नवी फरशी टाकली आहे का? मसाल्यासह दोन इंचांचा थर म्हणजे दर चौरस मीटरला शंभर किलोंचा जादा भार. दरवाजे खालून कापलेले दिसले तर हे ओळखता येतं. मोठा दिवाणखाना मिळवण्यासाठी भिंत काढली असेल तर ती नुसती विटांची होती की तिच्या आत बीम-कॉलम होता, हे विचारावं. पाइप लपवण्यासाठी बीमला भोकं पाडलेलीही आढळतात.

चौकशी फक्त आपल्या फ्लॅटपुरती ठेवून चालत नाही. तळमजल्यावर दुकानं, बँक किंवा दवाखाना असेल तर तिथे काय तोडफोड झाली, ती कुणाच्या परवानगीनं, हे सोसायटीला विचारावं. घाटकोपरच्या दुर्घटनेत आरोप झाला तो तळमजल्यावरच्या कामावर, वरच्या मजल्यांवरच्या घरांवर नव्हे.

कागदांची पाहणी

मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 353-बी नुसार तीस वर्षांवरच्या इमारतीचं महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून परीक्षण करून घेणं बंधनकारक आहे, आणि पुढे दर दहा वर्षांनी. इतर महापालिकांसाठीच्या 1949 च्या कायद्यात कलम 265-ए तेच सांगतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी आणखी कडक आहेत : पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं परीक्षण दर पाच वर्षांनी, तिशीपुढे दर तीन वर्षांनी. तेव्हा ‘ऑडिट झालेलंच नाही’ हे उत्तर सोसायटीच्या कारभाराविषयी बरंच सांगून जातं.

अहवाल हातात आला की त्यातली वर्गवारी बघावी. मुंबईत सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती. सी-2बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मग निष्कर्ष कशावर बेतला आहे ते बघावं. नुसत्या फोटोंचा अहवाल कच्चा समजावा. रीबाउंड हॅमरची चाचणी स्वस्त असल्यामुळे सर्रास करतात, पण ती पृष्ठभागच मोजते, आणि कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग कठीण होत असल्यामुळे जुन्या काँक्रीटचे आकडे उगाच चांगले येऊ शकतात. काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडण्याच्या चाचणीत सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वरचा वेग चांगला, तीनच्या खालचा शंकास्पद. हाफ-सेल चाचणीत उणे 350 मिलिव्होल्टपेक्षा खालचे आकडे आले तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर. फेनॉल्फ्थॅलिन शिंपडून जिथे गुलाबी रंग येत नाही, तितकं कार्बोनेशन आत गेलेलं. अहवालात यातल्या दोन-तीन चाचण्या असाव्यात आणि त्या कोणत्या कॉलमवर, कोणत्या बीमवर घेतल्या हे नकाशावर दाखवलेलं असावं.

दुसरा कागद ताळेबंदाचा. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीसाठी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का दरवर्षी जमवायचा असतो. हा खर्च इमारत बांधली त्या वेळचा. समजा, 1985 साली एका फ्लॅटचं बांधकाम एक लाखात झालं. तर दोन्ही मिळून वर्षाला हजार रुपये, चाळीस वर्षांत व्याज सोडून चाळीस हजार. तेवढ्यात आज एका बाथरूमचंही काम होत नाही. किमानावर समाधान मानणाऱ्या सोसायटीकडे मोठ्या दुरुस्तीसाठी पैसा नसतो. तो सभासदांकडूनच घ्यावा लागतो, आणि तोवर सभासद तुम्ही झालेले असता. म्हणून शेवटच्या तीन-चार सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचावीत. दुरुस्तीचा विषय किती वर्षं पुढे ढकलला, कुणी पैसे भरले नाहीत, कोणती अंदाजपत्रकं आली, सगळं तिथे असतं.

खर्च कुणाचा हेही उपविधींत आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप, टाक्या, जिने, छताची संरचनात्मक दुरुस्ती, पावसाच्या पाण्याची गळती आणि तिच्यामुळे खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत हे सोसायटीचं काम. घरातलं बाकीचं सभासदाचं.

भाव ठरवताना

आता तिन्ही भागांना आकडे लावावेत. पहिला भाग : वायरिंग, पाइप, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, वाळवीनं खाल्लेल्या चौकटी. यासाठी कंत्राटदाराकडून लेखी अंदाज घ्यावा. रंग-फरशी त्यात धरू नये, ती हौस आहे. दुसरा भाग : सोसायटीच्या दुरुस्तीतला आपला वाटा. समजा, चोवीस फ्लॅटच्या इमारतीच्या दुरुस्तीचा अंदाज 72 लाख आणि निधीत 12 लाख. तर दर फ्लॅटमागे अडीच लाख येणार. हे दोन्ही आकडे भावातून वजा करून मागणं हा घासाघीसीचा आडमुठेपणा नव्हे. बिल वर्षभरात खरेदीदाराच्या हाती पडणारच आहे. जी वर्गणी सभेनं आधीच मंजूर केली आहे, ती विक्रेत्यानं भरावी असं कलम साठेकरारात घालून घ्यावं.

तिसरा भाग : दुरुस्तीपलीकडची इमारत. इथे पुनर्विकासाच्या आशेवर भाव चढवून सांगतात. शासनाच्या 4 जुलै 2019 च्या निर्णयानं पुनर्विकासासाठी 51 टक्के सभासदांची संमती पुरेशी केली, हे खरं. पण जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालं आहे का, रस्ता किती रुंद, मूळ फ्लॅट किती चौरस फुटांचा, विकासकाशी नोंदणीकृत करार झाला आहे की नुसती बोलणी चालू आहेत, यावर सगळं अवलंबून असतं. करार झालेला नसेल तर भाव आजच्या इमारतीचा द्यावा, उद्याच्या टॉवरचा नाही. आणि इमारत दोन-तीन वर्षांत पडणार असेल तर आतमध्ये ग्रॅनाइट-लाकूडकामावर पैसे घालू नयेत. विजेची आणि पाण्याची सुरक्षितता तेवढी पुरेशी.

घर आवडलं की माणसाची घाई होते आणि एजंट ती वाढवतो. बयाणा देण्याआधी एक पावसाळी चक्कर मारावी, खालच्या फ्लॅटचं छत बघावं, ऑडिट अहवाल आणि ताळेबंद मागून घ्यावा, आणि स्वतःच्या खर्चानं एका स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनीअरला इमारत दाखवावी. त्याची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते. विक्रेता किंवा सोसायटी यांपैकी काहीही दाखवायला तयार नसेल, तर कितीही स्वस्त मिळालं तरी ते घर घेऊ नये.